राजवाडा ते गांधी हॉल : रस्ता रुंद नको, सलग हवा

रामबागवाला :
आपल्या इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीत गाड्या बंद झाल्या, फरशी आली, बसायला जागा झाली. उत्तम झालं. पण तिथं सगळे पोचतात कसे? गाडीनेच. आधी मागच्या गल्ल्यांत जागा शोधत घिरट्या घालायच्या, मग शंभर पावलं चालायचं आणि म्हणायचं की आपलं शहर पायी चालणाऱ्यांचं झालं. अशा सुट्या सुट्या जागा सजवून काही साधत नाही. माझा मुद्दा जोडणीचा आहे.

राजवाडा, गोपाळ मंदिर, सराफा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, पुढे महात्मा गांधी मार्गाने गांधी हॉल आणि शास्त्री पुलापलीकडे रीगल चौक. धडधाकट माणसाला अर्ध्या तासाची चाल. यातली एकेक वास्तू दुरुस्त झाली, रात्री दिवे लागतात, पण एकीकडून दुसरीकडे जाणारी वाट कुठे सलग आहे? फूटपाथ सुरू होतो, विजेच्या डीपीच्या पेटीपाशी थांबतो, पुढच्या दुकानाच्या रॅम्पवर चढतो आणि मग सरळ गायब. इंडियन रोड्स काँग्रेसचं २०१२ चं मार्गदर्शक पुस्तक म्हणतं की चालायला किमान १.८ मीटर मोकळी पट्टी हवी. म्हणजे दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तरी निघून जातील. आपल्याकडे डीपी आणि भिंत यांच्यामधून पिशवी पुढे धरून आडवं व्हावं लागतं.

माझं मागणं एवढंच : रस्ता रुंद करू नका. आहे त्या रुंदीत १.८ मीटरची पट्टी अखंड काढा, कृष्णपुऱ्यापाशी रस्ता ओलांडायची जागा फूटपाथच्या पातळीला उचलून घ्या, आणि आरपार जाणारी वाहनं जवाहर मार्गाने वळवा. ज्यांना राजवाड्याला यायचंच नाही त्यांनी राजवाड्यावरून का जावं?

शीतलामातावाले :
लिहायला छान आहे भाऊ. शीतलामाता बाजारात आमचं साड्यांचं दुकान आजोबांपासून आहे. सकाळी मालाची गाठ येते. छोटा हत्ती टेम्पो गल्लीच्या तोंडाशी थांबतो, तिथून हमाल हातगाडीवर घेतो, एकजण पुढे 'बाजू, बाजू' ओरडत चालतो, आणि दुकानाच्या पायरीशी गाडी तिरकी करून गाठ खांद्यावर सरकवतात. यात मध्ये एक स्कूटर उभी असली की सगळं अडतं. तुमची उंचावलेली पट्टी या हातगाडीनं कशी चढायची?

आणि जवाहर मार्गाने वळवा म्हणता, तो सध्या कसा चालतो ते संध्याकाळी सात वाजता जाऊन बघा. एकाचं दुखणं दुसऱ्याच्या गळ्यात.

लग्नाची खरेदी करणारं कुटुंब धारहून, देवासहून गाडी करून येतं. सहा माणसं, त्यात एक आजी. गाडी दोन किलोमीटरवर ठेवून चाला म्हटलं तर ते बायपासच्या मॉलला जातील.

स्नेहलतागंजची ताई :
दादा, त्या आजीची काळजी मलाही आहे. पण सध्या ती आजी गाडीतून उतरते तेव्हा तुमच्या दुकानापर्यंत कशी येते? मागून ई-रिक्षाचा हॉर्न, पुढे बुलेट, खाली नालीवरची हलणारी फर्शी. माझ्या सासूबाई राजवाड्याला जायचं सोडूनच बसल्या आहेत. गाडी दारापर्यंत जाते, भीती दारापासून सुरू होते.

रामबागवाल्यांच्या मूळ लेखात एक गोष्ट मात्र राहिली : रात्र. सराफ्याच्या खाऊबाजारात रात्री बारालाही बाई निर्धास्त फिरते, कारण माणसं आहेत, दिवे आहेत, कढया उकळत आहेत. तिथून बाहेर पडून गांधी हॉलकडे चालायला लागा, दुकानांची शटरं पडलेली आणि फूटपाथवर उभ्या गाड्यांच्या सावल्या. सलग म्हणजे फक्त फरशी सलग नको. वर्दळही सलग हवी.

नकाशेवाला :
जगात याचे नमुने आहेत. बार्सिलोनात इमारतींच्या नऊ चौकोनी ठोकळ्यांचा मिळून साधारण चारशे बाय चारशे मीटरचा एक मोठा ठोकळा करतात. आरपार जाणारी वाहनं बाहेरून, आत फक्त राहणारे आणि माल आणणारे, तेही ताशी दहा किलोमीटरने. राजवाडा परिसर जवळपास तेवढाच आहे. जेल रोड, जवाहर मार्ग, महात्मा गांधी मार्ग ही बाहेरची कड झाली समजा.

शीतलामातावाले :
हे परदेशी नमुने आले की मला आपलं बीआरटीएस आठवतं, रस्त्याच्या मधोमध रेलिंग लावून फक्त बससाठी राखलेली वाट. २०१३ मध्ये साडेअकरा किलोमीटरची मार्गिका वाजतगाजत सुरू झाली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती काढून टाकायला उच्च न्यायालयानं मोकळीक दिली. बारा वर्षं. त्या रेलिंगचा खर्च कुणी भरला?

गोराकुंडचा भाडेकरू :
नकाशेवाले साहेब, बार्सिलोनाचा तो भाग सेर्दा नावाच्या अभियंत्याच्या १८५९ च्या आराखड्यावर पट्टी लावून आखलेला आहे. एक रस्ता बंद केला की बाजूचा समांतर रस्ता तयारच. आमच्याकडे गल्ली कुठे बाहेर पडेल आणि कुठे कुणाच्या न्हाणीपाशी संपेल, हे पोस्टमनलाच माहीत. इथं तो साचा बसणार नाही.

बीआरटीएसबद्दल मात्र सहमत नाही. त्या मार्गिकेवरच्या आयबसमध्ये मी वर्षानुवर्षं उभ्यानं प्रवास केला, ती वेळेवर यायची. अडचण बसची नव्हती. रस्त्याच्या मधोमध असलेल्या स्टॉपपर्यंत पोचायला दोन्हीकडच्या वाहनांतून जीव मुठीत धरून जावं लागायचं. मार्गिका केली, पण तिच्यापर्यंत जाणारी वाट केली नाही. म्हणजे मूळ लेखाचाच मुद्दा.

रामबागवाला :
बार्सिलोना सोडा, आपल्याकडेच माणूस येऊन गेलाय. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस. होळकर दरबारासाठी त्यांनी इंदूरचा नगररचना अहवाल केला, १९१८ मध्ये दोन खंडांत छापला गेला. त्याआधी १९१६ मध्ये बडोद्याचाही केला होता. जुन्या वस्तीतून रुंद सरळ रस्ते कापायला या गृहस्थांचा विरोध होता. जिथं कोंडी आहे तिथंच थोडं मोकळं करा, बाकीचं हात न लावता सुधारा, ही त्यांची पद्धत. आणि पाहणी पायी.

सांगतात की ते नकाशा घेऊन गल्ल्यांतून फिरायचे तेव्हा लोक बोट दाखवायचे : प्लेग आणणारा साहेब तो हाच. कारण प्लेगच्या नावाखाली घरं पाडली जायची, मोजमाप करणारा दिसला की पाडापाडी आलीच असं समीकरण. मग गेडिसनी दिवाळीला मोठी मिरवणूक काढायला लावली. तिचा मार्ग नेहमीचा नाही, तर ज्या गल्लीतली घरं लोकांनी जास्त झाडून-रंगवून ठेवली असतील त्या गल्लीतून. मिरवणूक आपल्या दारावरून जावी म्हणून लोकांनी कचरा उपसला. स्वच्छतेत इंदूरचा देशात पहिला नंबर येण्याआधी शंभर वर्षं!

शीतलामातावाले :
गोष्ट झकास. पण त्यातलं मला पटलेलं वाक्य वेगळं आहे. मोजमाप करणारा आला की पाडापाडी. आमच्या ओळखीतल्या एकांचा ओटला रुंदीकरणात गेला, ज्या ओटल्यावर गिऱ्हाईक टेकायचं. आता दुकानाचं दार थेट रस्त्यात उघडतं. तुम्ही म्हणता रुंद नको, पण कागद एकदा सरकला की तो कुणाच्या हातात जातो?

पुण्याचा जावई :
आमच्या लक्ष्मी रस्त्यावर डिसेंबरात पादचारी दिन करतात, त्या दिवशी वाहनं बंद. पोरं रस्त्यात बसून चित्रं काढतात. गर्दी असते. इंदुरातही एक दिवस करून बघा की.

गोराकुंडचा भाडेकरू :
जावईबापू, आम्ही रंगपंचमीला करतोच. गेर म्हणजे रंगांची मिरवणूक निघते, राजवाड्यासमोर लाखभर माणूस, रोजचं एक वाहन नाही. त्यानं काय सिद्ध झालं? त्या दिवशी दुकानदार शटर पाडून वर ताडपत्र्या बांधतो. उत्सव म्हणजे रोजचा कारभार नव्हे. २२ सप्टेंबर २०२३ ला नो कार डे पण झाला, दुसऱ्या दिवशी पलासिया चौकात तेच हॉर्न.

रोजचा नमुना हवा तर सराफा. दिवसा सोन्याचांदीची पेढी, रात्री त्याच ओटल्यावर गराडू आणि भुट्ट्याचा कीस. एकच जागा, दोन पाळ्या. पाटी न लावता वेळेची वाटणी चालली आहे. दिल्लीच्या चांदणी चौकात २०२१ मध्ये हेच नियमानं केलं, सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारी बंद आणि माल रात्री. अंमल ढिला पडतो तिथं तक्रारी होतात, हेही खरं. पण शीतलामातावाल्यांची गाठ सकाळी दहाच्या आत उतरली, तर पुढे दिवसभर हातगाडीचा प्रश्नच कुठे उरतो?

शीतलामातावाले :
दहा नाही, साडेअकरा. सुरतचा ट्रक तुमच्या घड्याळावर चालत नाही.

स्नेहलतागंजची ताई :
म्हणजे वेळेवर बोलणी होऊ शकतात! मग आजीचंही बोलू. सुभाष चौकातल्या पार्किंगपासून आत फिरणाऱ्या ई-रिक्षा ठेवा, ठरलेला थांबा, ठरलेलं भाडं, आणि फक्त म्हातारे, अपंग, लेकुरवाळ्या. सध्या त्याच रिक्षा चौकात चौथी रांग लावून सवारी ओढतात. आणि फेरीवाल्यांना हुसकू नका. २०१४ च्या कायद्यानुसार त्यांना जागा ठरवून द्यायची आहे. गजरेवाली रात्री उशिरापर्यंत बसते म्हणून तर तो कोपरा उजेडात असतो.

नकाशेवाला :
पण निम्मं-निम्मं केलंत तर वाहनं वाट काढतातच. एकदाच नीट अडथळे बसवा.

रामबागवाला :
एकदाच नीट म्हणूनच बीआरटीएस झालं होतं. मी तर म्हणतो आधी कुंड्या आणि रंग, तेही फक्त कृष्णपुऱ्याच्या ओलांडणीवर. चुकलं तर कुंड्या उचलता येतात.

शीतलामातावाले :
ओलांडणी करा, तिला माझी ना नाही, आमची पोरगी शिकवणीला तिथूनच जाते. पण रंगाचा डबा बाजाराच्या तोंडाशी आला की आधी दुकानदारांना बोलवा, आणि कुठली रेघ कशासाठी ते कागदावर द्या. साडेअकराही त्याच कागदावर लिहा. तोंडी नको.