अर्धवट वाळलेल्या कुरडईला एका शब्दात काय म्हणायचं?

गोदाकाठ (नांदेड)
एका हिंदी ललितलेखाचा अनुवाद करायलेय. घरातल्या उन्हाळ्यावर आहे आणि त्यात काही घडत नाही, म्हणूनच मला तो फार आवडला. माठाभोवतीचं फडकं पुन्हा ओलं करायचं, दुपारी उघड्या फरशीवर पाठ टेकायची, संध्याकाळी अंगणात पाणी मारलं की येणारा वास घ्यायचा, एवढंच. अडलंय एका शब्दावर. गच्चीवर राखण करणारी पोर तिथं 'अधसूखा' तांदळाचा पापड उचलून खाते. मी त्या जागी कुरडई घेतली, कारण आमच्या गच्चीवर मी तीच खाल्लीय.

आधी 'सादळलेली कुरडई' असं लिहिलं होतं. मावशीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "सादळलेली कोण खाईल गं? ती तर तळताना फुलत बी नाही." तिचं बरोबर आहे. सादळते ती आधी कडक वाळलेली वस्तू, पावसाळ्यात डब्याचं झाकण सैल राहिलं की. मला नेमकं उलटं हवंय, ओल्यातून वाळण्याकडे निघालेलं. ज्यांच्यासाठी अनुवाद करतेय त्यांनी 'अर्धशुष्क' सुचवलंय. "पोरीनं अर्धशुष्क कुरडई तोंडात टाकली" हे माझ्याच्यानं लिहवत नाही. शब्द सांगा.

चिंचपाला
आंबटओली. विषय संपला.

बाराखडी (छत्रपती संभाजीनगर)
आंबटओलं हे कपड्यांसाठी. दोरीवरचा सदरा हाताला गार लागतो, पण पिळला तर पाणी निघत नाही, तो आंबटओला. खाण्याच्या पदार्थाला हा शब्द लावलेला मी ऐकलेला नाही. 'आंबट' आला की वाचक चवच समजणार. 'अर्धशुष्क' जड आहे हे मान्य, पण अर्थ चोख देतो. 'निमवाळकी' का नको? 'निमगोरा', 'निमओलं' असे शब्द आपण वापरतोच.

चिंचपाला
निमवाळकी काकडी वाटते. आणि 'निम' फारसीतून आलाय. शुद्ध शब्द सांगायला निघालात आणि 'नीम' घेऊन आलात.

बाराखडी
फारसीतून आला हे मला माहीत आहे. 'नीम' म्हणजे अर्धा. पण तो इतका जुना आहे की आता आपलाच झाला. माझा आक्षेप परक्या शब्दांना नाही, ढिसाळ वापराला आहे. पापड सादळले असं म्हणायच्या जागी हल्ली घरोघरी 'पापड नरम पडले' ऐकू येतं. एक नेमकं क्रियापद आपण आपल्या हातानं घालवतोय, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मुंबईतला उदगीरवाला
दादा, 'नरम' हल्लीचं नाही. आमच्या उदगीरला आजी 'नरम पडले'च म्हणायची आणि तिला शाळा माहीत नव्हती. आपला भाग १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाकडं होता. कचेरीत उर्दू, बाजारात दखनी, गल्लीत कानडी, असं असताना घरातल्या डब्यात 'नरम' शिरला तर त्यात ढिसाळपणा कसला? आजी 'सादळणं'सुद्धा म्हणायची, पण ते मिठाला आणि काडेपेटीला. पापडाला नरम. तिच्या लेखी दोन्ही शब्दांना आपापलं काम होतं.

पाटावरवंटा (परभणी)
लेकरांनो, शब्द नंतर शोधा. आधी कुरडई कशी होते ते बघा, म्हणजे 'आंबट' कुठून आला ते कळंल.

गहू तीन दिवस भिजवायचा. रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी दाणा बोटानं दाबला की पांढरं दूध सुटतं आणि घरभर आंबूस वास येतो. मग वाटून, पिळून, गाळून चीक काढायचा आणि रात्रभर ठेवायचा. सकाळी वरचं पिवळसर पाणी अलगद ओतून दिलं की खाली चिकाचा गोळा बसलेला असतो. आधणात मीठ, हिंग टाकून तो शिजवायचा, आणि एकीनं लाटण्यानं घोटत राहायचं, नाहीतर गुठळ्या होतात. चकाकी आली की गरम गरम सोऱ्यात भरायचा. हे सगळं उन्हं वर यायच्या आत.

अशी कुरडई दीड-दोन तास उन्हात राहिली की वरची तार करकरीत होते आणि आतली अजून काचेसारखी दिसते. दाताखाली आधी कुर्र होतं, मग चिवट लागतं, आणि शेवटी जिभेला जरा आंबूसपणा येतो. म्हणून ती आंबटओली. माझ्या मते हा शब्द कपड्याला कुरडईवरूनच गेला. कपडा कुठं आंबट असतो?

बाराखडी
मावशी, वर्णन वाचून खरंच भूक लागली. पण व्युत्पत्ती पटत नाही. पावसाळ्यात घरात वाळत घातलेल्या कपड्यांना आंबूस वास येतोच की. शिवाय जिथं कुरडया करत नाहीत तिथेही कपडे आंबटओलेच असतात.

पाटावरवंटा
त्याला कुबट म्हणतात, आंबूस नाही. आंबूस वासाला तोंडाला पाणी सुटतं आणि कुबट वासाला नाक मुरडतं. हा फरक मी सोडणार नाही.

चिंचपाला
'ओलं' मात्र अस्सल आपल्या मातीतलं. संस्कृत आर्द्र, प्राकृतात ओल्ल. सातवाहनांच्या पैठणात ज्या महाराष्ट्री प्राकृताला मान होता, तिचा हा शब्द. 'सादळ' सुद्धा मला 'सार्द्र'वरून आला असावा असं वाटतं. म्हणजे एकाच आर्द्रातून एक ओलं निघालं, दुसरं सादळलेलं.

मुंबईतला उदगीरवाला
आमच्याकडं 'वलं'. जमिनीत वल हाय का, असंच विचारतात.

एक सांगायचं राहिलं. इकडं मुंबईत सगळे 'कपडे सुकले' म्हणतात. पंचवीस वर्षं झाली तरी माझ्या तोंडून 'वाळले'च निघतं. आमच्याकडं सुकतं ते तोंड किंवा रोपटं. "लेकराचं तोंड सुकलं" म्हटलं की आई पाण्याचा तांब्या घेऊन उठायची. कपडा सुकतो कसा? त्याला काय तहान लागते?

गोदाकाठ
दादा, हे फार सुंदर आहे. पण शब्दाचं काय? मला महिनाअखेर अनुवाद द्यायचाय.

माळवद (औसा)
उशिरा आलो. मावशींनी 'दीड-दोन तास' लिहिलंय ते वाचून लहानपण आठवलं. आमच्या माळवदावर याला जवळजवळ दुप्पट वेळ लागायचा. माळवदाची माती सकाळी गार असते, तिच्यावर बाज, बाजेवर जुनं लुगडं, लुगड्यावर कुरडया. खालूनही वारा, वरून ऊन. सकाळी नऊपासून पार दुपारपर्यंत त्या तुम्ही म्हणता तशा राहायच्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारी-सास्तूरकडं दगडमातीच्या भिंती आणि माळवदांची जाड माती माणसांवर आली. अनंत चतुर्दशीची रात्र होती, दमून सगळे घरात झोपले होते. त्यानंतर आमच्या वडलांनी माळवद उतरवलं आणि स्लॅब टाकला. त्या निर्णयाबद्दल मनात कधी शंका आली नाही. पण स्लॅबवर प्लास्टिकच्या कागदावर घातलेली कुरडई आता भराभर वाळते, खालून भाजतेच म्हणा ना. राखण करणाऱ्या पोराच्या वाट्याला ती अवस्था अर्धा-पाऊण तास येते. शब्द मागं पडायला हेही एक कारण असंल.

पाटावरवंटा
प्लास्टिकवरून निघते पटकन, हे मात्र खरं. लुगड्यावरच्या पापड्या चिकटून बसायच्या. मग लुगडं उलटं करून पाठीमागून पाण्याचा हबका मारायचा आणि एकेक सोडवायची. वाळलेली पुन्हा वली करायची, परत वाळवायची. तेव्हा दोघी जावा त्या लुगड्याशी तासभर बोलत बसायच्या. माझ्या मोठ्या जावेशी माझं जे काही जमलं ते पापड्या सोडवतानाच.

काळी माती (माजलगाव)
रामराम. मी शेतकरी माणूस, भाषेतलं जास्त कळत नाही. पण तुम्ही सगळे 'अर्ध' आणि 'निम' धरून बसलात तिथं मला खटकायलंय. अर्ध म्हटलं की काहीतरी राहिलं, काम पुरं झालं नाही असं होतं. पण पोरगी ती कुरडई चोरून खाते ती काय अपुरी म्हणून? तीच तर खायची वेळ असते.

आपल्या बोलीत मधल्या वेळेला स्वतःचं नाव असतं. पाऊस पडून गेला, चिखल हटला, पायाला माती चिकटंना झाली पण आत वल आहे, त्याला आपण अर्धी वाळलेली जमीन म्हणत नाही. वाफसा म्हणतो आणि पाभर काढतो. आंबा झाडावर हिरवा नाही आणि पिकलाही नाही, तर तो पाडाला आला. ज्वारीचा दाणा दाबला की दूध निघतं तेव्हा ती चिकात असते, पुढं हुरड्यात येते, मग वाळते. हुरड्याला कुणी अर्धवट ज्वारी म्हणून दाखवा. आग्रहानं पाव्हणे बोलावतो आपण हुरड्याला.

आता बघा, कुरडईचाबी चीकच असतो. मग चिकानंतरची कुरडई 'हुरड्यात आली' म्हणा की. आमच्या आईला म्हणून बघितलं, तिला न सांगता कळलं.

गोदाकाठ
काका, हे वाचून दोनदा गच्चीवर जाऊन आले. "कुरडया हुरड्यात आल्या होत्या. पोरीनं कडेची एक उचलली." मला हे वाक्य हवंय. पण पुण्याकडचा किंवा कोकणातला वाचक अडखळेल का, ही धास्ती आहे.

बाराखडी
अडखळेल. हुरडा म्हटलं की त्याला शेकोटी, कणसं आणि थंडीचे दिवस दिसणार. तुमचा लेख वैशाखातला. कल्पना उत्तम आहे, पण ती काकांची आहे, भाषेची नव्हे. रूढ नसलेला वापर अनुवादात घुसवणं मला मूळ लेखकावर अन्याय वाटतो. आधीच तुम्ही त्याचा पापड बदललात.

काळी माती
एकानं कधीतरी पहिल्यांदा म्हटल्याबिगर रूढ कसं होणार?

चिंचपाला
मी अजून आंबटओलीवरच आहे. पण हुरड्यात आलेली ऐकून जरा हललो.

मुंबईतला उदगीरवाला
वर मावशींनी 'सोऱ्या' लिहिलं. आमच्याकडं साचा म्हणायचे. पितळी, वरून दांडा फिरवायचा. लाकडी दाबायचा तो सोऱ्या का? की दोन्ही एकच?

पाटावरवंटा
आमच्याकडं दोन्हीला सोऱ्याच. लाकडी सोऱ्याला दोघी लागायच्या. एक धरणार, एक अंगातलं सगळं बळ लावून दाबणार. चीक गार झाला की तो दबतच नाही.

माळवद
आमच्यात सोऱ्या फक्त शेवेचा. कुरडईचा तो साचा. आणि सोऱ्याला चिकटून राहिलेला चीक बोटानं निपटून, वर तेल आणि तिखट घेऊन खायचा त्याला काय म्हणता? आमच्याकडं नाव नव्हतं, पण त्यासाठी तिघा भावंडांची पाळी ठरलेली होती.

पाटावरवंटा
तेल-तिखट? चीक दूध-साखर घालून खातात.

काळी माती
मावशी, हे परभणीपुरतं. आमच्याकडं तेल आणि मीठच, वर कच्चा कांदा.

मुंबईतला उदगीरवाला
करडईचं तेल पाहिजे पण. दुसऱ्या तेलाला तो वास नाही.

गोदाकाठ
आमची मावशी आत्ता वरून हाक मारायलीय, वावटळ उठलीय म्हणे. कुरडया गोळा करून येते, हात लावून बघते कुठवर आल्यात. तोवर कुणी मला एवढं सांगा, काकांचं वाक्य ठेवू का?

पाटावरवंटा
आधी कागदाची चारी टोकं उचल आणि सगळ्या मधी घे, एकेक वेचत बसू नको. चुरा पडला तर टाकू नको, कांदा-लसणात त्याची भाजी होते.

माळवद
चुऱ्याची भाजी आम्ही भिजवून करतो. तुम्ही भिजवता का तसाच टाकता?