रात्रीचा ओला रस्ता ठशात कसा आणावा? सल्ला हवाय

रात्रकिडा: पाऊस थांबल्यावर रात्री अकराला आमच्या गल्लीतला ओला रस्ता आणि कोपऱ्यावरचा दिवा, एवढंच छापायचंय. लिनोवर (लिनोलियमचा मऊ तुकडा, कोरलेल्या जागी शाई लागत नाही) दोनदा कोरलं. ठसा बघून भाऊ म्हणाला, "लाइट गेलीय का?" प्रेस नाही, चमच्याच्या पाठीने घासून छापतो. कुणाची कामं बघू? तंत्र बदलू का?

शाईचा_डाग: आधी अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपरचं १९२१चं 'नाइट शॅडोज' बघा. वरून दिसणारा एकटा माणूस आणि रस्ता आडवा कापत गेलेली खांबाची सावली. दिवा चित्रात नाहीच, तरी तो कुठे असेल ते कळतं. तुमचाही चौकटीबाहेर ढकलून बघा.

मग मार्टिन लुईस. हॉपरला एचिंगची (धातूवर अॅसिडने रेघा खोदून छापायची) सुरुवातीची वाट यानेच दाखवली. त्याच्या १९२९च्या 'ग्लो ऑफ द सिटी'त पुढे चाळीतल्यासारख्या कपड्यांच्या दोऱ्या, मागे उजळलेली उंच इमारत. हे ड्रायपॉइंट. तांब्यावर सुईने ओरखडलं की धातूची बारीक कड वर येते, तिच्यात शाई अडकते आणि काळा रंग मखमली उमटतो. ही कड दाबाखाली लवकर झिजते, म्हणून चांगल्या प्रती थोड्याच निघतात. माझं मत विचाराल तर ड्रायपॉइंटच करा.

आळशी_ठसेवाला: अहो, त्यांच्याकडे चमचा आहे, प्रेस नाही! ड्रायपॉइंट चमच्याने धड निघत नाही. (अॅक्वाटिंटचा, म्हणजे राळ आणि अॅसिड वापरून धातूवर करड्या छटा आणायच्या तंत्राचा, सल्ला कुणी देणार असेल तर आत्ताच सांगतो, राळेची धूळ आणि अॅसिड स्वयंपाकघरात नको.)

रात्रकिडा, जपानी लाकूडठसे बघा, तेही हातानेच घासून छापलेले. हिरोशिगेचं १८५६चं सारुवाका-चो: चांदणी रात्र, नाटकगृहांचा रस्ता, आणि माणसांच्या सावल्या जमिनीवर. नंतर कोबायाशी कियोचिका, १८७६पासूनची तोक्योची चित्रं, गॅसच्या दिव्यांच्या उजेडातली.

आता तुमचा ठसा. बहुतेक तुम्ही दिवा कोरलाय, उजेड नाही. लिनोत पांढरं म्हणजे फक्त कागद. दिव्याखालच्या ओल्या पट्ट्यात बारीक आडव्या रेघा कोरा, लांब जाल तशा विरळ. शाई लावल्यावर तिथेच चिंधीने हलकेच पुसून घ्या, कडा विरघळतात. कागद पांढराशुभ्र घ्या, पिवळट नको.

शाईचा_डाग: चमच्याचं राहिलंच लक्षात. ठसेवाल्यांना +१. फोटो टाका.

रात्रकिडा: रविवारी कोरतो. फोटो टाकायची लाज वाटतेय, कारण आत्ता नीट बघितलं तर दोन्ही ठशांत कोपऱ्यावरचं 'मेडिकल' उलटं आलंय.