पोनी एक्स्प्रेसच्या काळात हुशार पोरानं कुठली नोकरी धरायची?

सातारकर:
धाकटी बहीण बारावीला. घरात रोज एकच विषय, कुठल्या क्षेत्राला पुढे मागणी. काल तिला पोनी एक्स्प्रेसबद्दल सांगितलं: एप्रिल १८६०, मिसूरीतलं सेंट जोसेफ ते कॅलिफोर्नियातलं सॅक्रामेंटो, सुमारे ३,००० किलोमीटर, घोड्यावरून टपाल साधारण दहा दिवसांत. तिनं वरचा प्रश्न विचारला. काय सांगू?

घोडेवेडी:
तारेच्या कामात जायचं! २४ ऑक्टोबर १८६१ ला तारेची लाइन जोडली गेली आणि त्याच महिन्यात ही सेवा बंद झाली. पण स्वारांचं काम काय देखणं होतं! खोगिरावर 'मोचिला' हे चामडी आच्छादन, त्याला चार खिसे. ठाण्यावर घोडा बदलताना फक्त मोचिला उचलून दुसऱ्या खोगिरावर टाकायचा की स्वार निघाला. सुरुवातीला अर्ध्या औंसाला ५ डॉलर, म्हणून लोक पातळ कागदावर पत्रं लिहीत.

निवृत्त तारमास्तर:
तारही २०१३ च्या जुलैत आपल्याकडे बंद झाली. मी मोर्सवर सुरुवात केली, मग टेलिप्रिंटर, मग कॉम्प्युटर. खात्यात टिकलो ते दर वेळी नवं यंत्र शिकायला पहिला हात वर केला म्हणून. आज सौरऊर्जा आणि बॅटरीच्या कामाकडे नक्की बघा. पण पोरीला मुळात काय आवडतं?

सातारकर:
काका, विजेचं प्रकरण. घरातला मिक्सर तीच खोलते.

निवृत्त तारमास्तर:
मग इलेक्ट्रिकलच. पॉलिटेक्निकचीही चौकशी करा, नुसत्या डिग्रीच्या मागे लागू नका.