‘ट्रेन टू बुसान’नंतर ‘पेनिन्सुला’ने इतकी निराशा का केली?

प्रश्न
‘ट्रेन टू बुसान’ (२०१६) हा संसर्गाने झॉम्बी, म्हणजे चालती-फिरती हिंस्र प्रेते, झालेल्या माणसांवरचा कोरियन चित्रपट मला अतिशय आवडला होता; त्याच यॉन सांग-हो यांचा ‘पेनिन्सुला’ (२०२०) मात्र त्यातील झॉम्बींपेक्षाही निर्जीव वाटला. दिग्दर्शक तोच, जग तेच, मग बिनसले कुठे? शेवट उघड झाला तरी हरकत नाही.

प्रतिसाद १
माझ्या मते जागेच्या निवडीतच. पहिल्या चित्रपटात सगळे आगगाडीच्या डब्यांत कोंडलेले असतात आणि माणूस दिसेनासा झाला की झॉम्बी थंडावतात, हे पात्रांबरोबरच आपल्यालाही उमगत जाते. दाराच्या काचेवर पाणी उडवून वर्तमानपत्रे चिकटवण्याचा प्रसंग आठवून पाहा. अंधारात न दिसण्याचा आणि आवाजाकडे धावण्याचा नियम दुसऱ्या भागातही आहे, परंतु मोकळे रस्ते आणि भरधाव गाडी हाताशी असल्यावर त्याचा धाक उरत नाही. एक किशोरवयीन मुलगी गाडी गरागरा फिरवत झुंडीच्या झुंडी उडवते, तेव्हा झॉम्बी हे केवळ रस्त्यातले अडथळे ठरतात. ती सारी दृश्ये संगणकावर रचल्याचे सतत जाणवते, ते वेगळेच.

प्रतिसाद २
जागेचा मुद्दा मला तितकासा पटत नाही, कारण जहाजावरचा सुरुवातीचा प्रसंग पहिल्या चित्रपटाच्या तोडीचा आहे. संसर्ग झालेल्या आपल्या मुलाला सोडून यायला नायक जंग-सोकची बहीण तयार होत नाही आणि त्याला त्या दोघांना आत ठेवून दार बंद करावे लागते. या अपराधभावावर अख्खा चित्रपट उभा राहिला असता. पण चार वर्षांनंतर कथा डॉलरांनी भरलेल्या ट्रकच्या मागे लागते, आणि कैद्यांना झॉम्बींसमोर सोडून पैजा लावणारे सैनिक आले की तिला परत फिरायला सवडच मिळत नाही.

प्रश्नकर्ता
हे पटले. म्हणूनच बहुधा शेवटी मिन-जंग (गाडी चालवणाऱ्या मुलीची आई) स्वतःवर पिस्तूल रोखते तेव्हा संथ गती आणि चढत्या संगीताचा इतका मारा करावा लागला असावा. पहिल्या भागात बोगद्यातून आलेले मुलीचे गाणे पुरेसे होते. याच मालिकेतला ‘सोल स्टेशन’ पाहावा का?

प्रतिसाद २
जरूर पाहा. तोही २०१६चा आणि याच दिग्दर्शकाचा, पण ॲनिमेशनपट आहे. संसर्गाची सुरुवात स्थानकावरच्या बेघर माणसांपासून होते आणि त्यांच्याकडे कोणी लक्ष देत नाही. डोळे पाणावण्याची अपेक्षा मात्र ठेवू नका. तो फार कठोर आहे.