मड क्लायंटमध्ये मराठी अक्षरं मधूनच फुटतात, बग कसा कळवावा?

रात्रपाळी:
मंडळी, आम्ही तिघं कॉलेजचे मित्र अजून एका मडवर खेळतो (अनेकांनी मिळून खेळायचा ऑनलाइन खेळ; हो, नुसता मजकूर, चित्र एकही नाही). आपापसातल्या गप्पा मराठीत. छोटं वाक्य व्यवस्थित येतं. पण क्लॅनच्या फळ्यावरची लांबलचक सूचना उघडली की एखाद्या अक्षराच्या जागी शंकरपाळीच्या आकारातलं काळं प्रश्नचिन्ह. तीच सूचना पुन्हा उघडली तर कधी ठीक, कधी भलतंच अक्षर फुटलेलं. क्लायंटवाल्यांना, म्हणजे ज्या प्रोग्रॅममधून खेळतो तो बनवणाऱ्यांना, स्क्रीनशॉट पाठवला, तर 'आमच्याकडे होत नाही' म्हणून इश्यू (तक्रारीची नोंद) बंद! आता काय लिहू?

वाईकर:
फॉन्ट बदलून बघ आधी. आणि एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये मांडायची पद्धत, यूटीएफ-८ आहे ना?

टेलनेटकाका:
वाईकर, एन्कोडिंग चुकलं असतं तर सगळंच मराठी गेलं असतं, आणि फॉन्ट असता तर दर वेळी तेच अक्षर बिघडलं असतं. इथे अक्षर बदलतंय. रात्रपाळी, हेच वाक्य रिपोर्टात सगळ्यात वर हवं.

मी अशाच एका मुक्तस्रोत क्लायंटचे इश्यू फावल्या वेळात चाळतो. स्क्रीनशॉटवरून काही म्हणजे काही कळत नाही. बाइट हवेत.

माझा संशय सांगतो. यूटीएफ-८ मध्ये 'म' म्हणजे तीन बाइट: २२४, १६४, १७४. नेटवरून मजकूर वाहून नेणाऱ्या टीसीपीला अक्षर, ओळ यांचं सोयरसुतक नाही, तो नुसता बाइटचा प्रवाह. मोठा मजकूर तुकड्यांत येतो, आणि एखादा तुकडा १६४ वर संपला की १७४ पुढच्यात. क्लायंट प्रत्येक तुकडा वेगवेगळा उलगडत असेल तर 'म'चा निकाल लागला. इंग्रजी अक्षर एकाच बाइटचं, ते तुटणार कसं? म्हणून त्यांच्याकडे होत नाही. खोटं बोलत नाहीत बिचारे.

पण आधी सर्व्हर निर्दोष आहे याची खात्री कर, नाहीतर चोर सोडून संन्याशाला फाशी. तीच सूचना दुसऱ्या क्लायंटमध्ये, टिनटिन++ वगैरेत, पुन्हा पुन्हा उघड. मग मूळ क्लायंटमध्ये नवीन कोरं प्रोफाइल काढ, तुझे ट्रिगर (ठरावीक मजकूर आला की आपोआप चालणाऱ्या आज्ञा) आणि स्क्रिप्ट एकही नको. एमसीसीपी, म्हणजे कॉम्प्रेशन, बंद कर आणि येणारे बाइट वायरशार्कने (नेटवरची ये-जा टिपणारा प्रोग्रॅम) पकड. ते चालू असलं तर पकडलेलं वाचताच येत नाही. लॉगिन झाल्यावरच पकडायला सुरुवात कर! मड ज्यावर चालतं त्या साध्या टेलनेट जोडणीवर पासवर्ड उघडा जातो. लोक पूर्ण कॅप्चर जोडून देतात आणि त्यात पासवर्ड असतो, मी पाहिलंय.

याहून भारी म्हणजे खेळच बाजूला ठेव. पायथनमध्ये दहा-बारा ओळींचा सर्व्हर लिही: 'म'चे पहिले दोन बाइट पाठव, एक सेकंद थांब, तिसरा पाठव. क्लायंट लोकलहोस्टला, म्हणजे तुझ्याच संगणकावरच्या या सर्व्हरला, जोड. दर वेळी फुटलं तर त्यांना मराठी यायची गरज नाही, मड खेळायचीही नाही.

वाईकर:
काका, मग हा बग इतकी वर्षं कुणालाच कसा दिसला नाही?

टेलनेटकाका:
पहिलं मड १९७८ चं, एसेक्स विद्यापीठातलं. टेलनेटचे नियम सांगणारा दस्तऐवज, आरएफसी ८५४, हा १९८३ चा. युनिकोड, म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांना क्रमांक देणारं प्रमाण, त्यानंतर आलं. बहुतेक मड आजही इंग्रजीच. तरी चिनी, रशियन खेळाडूंनी असलं काही कळवलं असणार. बंद झालेल्या इश्यूंतही शोध.

रात्रपाळी:
टिनटिन++ मध्ये एकदाही फुटलं नाही. पायथनच्या सर्व्हरवर मूळ क्लायंटमध्ये दर वेळी, दोन प्रश्नचिन्हं! स्क्रिप्ट, आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम आणि 'अपेक्षित: म' एवढंच लिहून जुन्याच इश्यूत टाकलं. तो परत उघडलाय. दुरुस्ती अजून नाही. काका, त्यांनी विचारलंय की ही स्क्रिप्ट त्यांच्या चाचण्यांत घातली तर चालेल का.

टेलनेटकाका:
चालेल म्हण की लगेच! आणि 'म' बदलू देऊ नकोस.