कोड लिहिणं सोपं झालं, काम नाही
एआय आलं, आता सॉफ्टवेअरच्या कामात नवीन पोरांची गरज संपली असं बरेच जण म्हणतात, मला हे अजिबात पटत नाही. 2021 मध्ये गिटहब कोपायलट हे कोड सुचवणारं एआय टूल आलं तेव्हा ते चालू ओळ किंवा एखादं फंक्शन, म्हणजे कोडचा छोटा तुकडा, पुरा करून द्यायचं, आता अशी टूल्स अख्खी फाईल लिहून टेस्टसुद्धा, म्हणजे कोड नीट चालतो का याच्या चाचण्या, चालवून देतात, हे खरंय. पण मी इथं सोलापुरात एका चादरीच्या कारखान्याचं बिलिंग सॉफ्टवेअर बघतो, परवा एआयनं दहा मिनिटांत स्टॉकचा कोड दिला, दिसायला एकदम चकाचक, टेस्ट पण सगळ्या पास, आणि डागी म्हणून परत आलेल्या चादरी त्यानं सरळ चांगल्या मालात जमा केल्या! पकडलं कुणी, तर सहा महिने गोडाऊनमध्ये बसून परतीची चलानं बघितलेल्या आमच्या ज्युनियर पोरीनं. तिच्यासारखी अजून दोन पोरं हवीयत आम्हाला, खरंच.