'अंजनीच्या सुता' ज्यानं लिहिलं, त्याला नुसतं चावट म्हणून मोकळं व्हायचं का?

जुनी गिरणी (धागा सुरू करणारा)

हनुमान जयंतीला सोलापुरात आमच्या गल्लीतल्या मारुतीपुढं पहाटेपासून स्पीकर लागतो आणि त्यावर 'अंजनीच्या सुता' लागल्याशिवाय प्रसाद वाटत नाहीत. यंदा पुतण्या शेजारी हात जोडून उभा होता. मी सहज म्हणालो, हे दादा कोंडक्यांनी लिहिलंय. तो हसलाच. "काका, काहीही! ते डबल मीनिंगवाले?" घरी येऊन त्याला दाखवलं: चित्रपट 'तुमचं आमचं जमलं', साल 1976, शब्द दादांचे, संगीत राम-लक्ष्मण, आवाज महेंद्र कपूर. तो गप्प झाला, पण मला ते लागून राहिलं. आख्ख्या आयुष्याची कमाई एका शिक्क्याखाली गेली की काय?

माझं म्हणणं असं की दादा आधी वाजवणारे-गाणारे, मग नट. 1932 चा जन्म, नायगावच्या चाळीतलं गिरणी कामगाराचं घर, मूळ गाव भोरकडचं इंगवली. सुरुवात बँडमधनं. मग सेवा दलाचं कलापथक, स्वतःची पार्टी, आणि वसंत सबनिसांचं 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य. ते आशा भोसल्यांनी पाहिलं, भालजी पेंढारकरांपाशी शब्द टाकला आणि 1969 ला 'तांबडी माती' मिळाला. दोन वर्षांत 'सोंगाड्या'. पुढं नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी झाले, गिनीज बुकात नोंद झाली. हे सगळ्यांना माहीत असतं. पण तो हशा कुठनं यायचा, हे कुणी बोलत नाही. तो लयीतनं यायचा.

माझे वडील गिरणीत दुसऱ्या पाळीला. सही येत होती, वाचता येत नव्हतं. भागवत टॉकीजला 'सोंगाड्या' बघून आले की रात्री जेवताना अख्खा नाम्या आम्हाला करून दाखवायचे. वाक्य बोलायचे नाहीत, जवळजवळ गायचे. डावा हात मांडीवर ठेका धरायचा, "आये" लांबवायचे, थांबायचे, आणि थाप पडली की पुढचा शब्द. म्हणून तर एकदा पाहिलेला चित्रपट त्यांना महिनाभर पाठ असायचा. चाळीतल्या माणसाचा विनोद गिरणीच्या गावाला कळला, कारण त्याचा ठेका ओळखीचा होता.

हुतात्मा स्मृती मंदिरात दादांच्या गाण्यांची एक संध्याकाळ व्हावी. आणि ती मान खाली घालून नको.

पूर्व भागातली मास्तरीण

अण्णा, मारुतीच्या गाण्याबद्दल वाद नाहीच. तुमच्या वडिलांचं वाचून तर डोळ्यांत पाणी आलं. पण मान कशामुळं खाली जाते, तेही ऐका.

1986 ला मी नववीत होते. आई विड्या वळायची, मी पानाचं भिजलेलं फडकं कारखान्यात पोचवून शाळेला जायची. वाटेत भिंतीला पोस्टर, 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में'. कोपऱ्यावरची पोरं नुसतं ते नाव मोठ्यानं वाचायची. बाकी काही नाही. तक्रार कुणाकडं आणि काय करणार? शब्दांत तर काहीच वाईट नव्हतं. "आम्ही पोस्टर वाचतोय" म्हणाले असते. द्वयर्थी बोलणारा नामानिराळा राहतो, दुसरा अर्थ ऐकणाऱ्या पोरीनं स्वतःच्या अंगावर घ्यायचा. कळलं असं दाखवलं तर तीच चालू, नाही दाखवलं तर पुन्हा बोलायला मोकळे. मी बोळ बदलला. लांब पडायचा, तरी दहावी होईपर्यंत त्याच बोळानं गेले.

तुम्ही म्हणता लय. होती. म्हणून तर ती वाक्यं पोरांच्या तोंडात बसली.

बार्शीकर

ताई, सोलापूर हे शाहीर राम जोशींचं गाव. पेशवाईतला हा ब्राह्मणाचा पोरगा घर सोडून तमाशात उतरला. 'सुंदरा मनामध्ये भरली' त्याचीच. त्या शृंगाराचा आपण अभिमान बाळगतो, मग दादांनाच वेगळा न्याय का?

पूर्व भागातली मास्तरीण

कारण राम जोशी जे म्हणतात ते उघड म्हणतात. ती लावणी मी वर्गात शिकवीन, मला कुठं अडखळायला होणार नाही. शृंगाराला माझी हरकत नाही, लपून मारलेल्या खड्याला आहे.

मोडनिंबचा ढोलकीवाला

दोघंबी बरोबर बोलताव, पण तमाशाच्या फडाचं कुणी बोलंना. मी बत्तीस वर्षं ढोलकी वाजवतो, त्यातली पहिली अकरा गावोगाव फिरणाऱ्या ढोलकी फडात, नंतर लावणीच्या संगीत बारीत.

अण्णा, थापेचं तुम्ही सांगितलं ते खरं, पण एक दुरुस्ती. थाप हशाच्या आधी नसती. सोंगाड्या, म्हंजे फडातला हसवणारा गडी, बोलला, हशा उसळला की ढोलकीनं गप बसायचं. हशा उतरायला लागला, अजून पुरता खाली आला नाही, तिथं थाप. लवकर दिली तर हशा मरतो, उशीर झाला तर सोंगाड्या उघडा पडतो. दादा पडद्यावर बोलून झाल्यावर तोंड तसंच ठेवून थांबतात बघा. तंबूत बसलेल्या माणसाच्या हशाला जागा सोडायची सवय ती. नुसता सिनेमा केलेल्याला ती नसती.

आता ताईंचं. तमाशातल्या गौळणीत कृष्णाचा सवंगडी पेंद्या आणि गौळणींची म्होरकी मावशी असतात. पेंद्या वाकडं बोलला की मावशी त्याच्या दुप्पट वाकडं बोलून त्याला गप करती, आणि मोठा हशा मावशीला मिळतो. बतावणीत, म्हंजे विनोदी बोलाचालीत, नाचणारी बाईसुद्धा उलटं उत्तर देती. आमच्याकडं वाकडा शब्द दोन्ही बाजूंनी चालायचा. सिनेमात बाईनं नुसतं लाजायचं नाहीतर हसायचं. उत्तर गेलं आणि खडा राहिला. ताईंना तोच लागला.

आणि माझं स्वतःचं दुखणं सांगतो. दादू इंदुरीकर, कवलापूरचे काळू-बाळू, ही सोंगाड्याची खरी घराणी. महार, मांग, कोल्हाटी समाजातल्या माणसांनी ही कला पोटाला चिमटा काढून जगवली. त्यांचा विनोद अश्लील ठरला तेव्हा त्यांच्या बाजूनं असा धागा कुणी काढला नाही. आपल्या पंढरपुरात जन्मलेल्या तमाशातल्या विठाबाई नारायणगावकर राष्ट्रपतींचा सन्मान मिळवून शेवटी हलाखीत गेल्या. दादांची संध्याकाळ करा, पण तिकीट दादांच्या नावावर आणि वाजवणारे पुण्या-मुंबईचे, असं करू नका.

बार्शीकर

यात दादांचा काय दोष? त्यांनी तर माणसं उभी केली. विजय पाटलांना 'लक्ष्मण' त्यांनी केलं. जोडीतले राम लवकर गेले, तरी पाटलांनी नाव 'राम-लक्ष्मण'च ठेवलं आणि त्याच नावानं 1989 ला 'मैंने प्यार किया'चं संगीत दिलं. अशोक सराफांना 'पांडू हवालदार'नं घराघरांत नेलं.

जुनी गिरणी

ढोलकीवाले, थापेची दुरुस्ती मान्य. डोळ्यांपुढं वडिलांचा हात आणून पाहिला. तो आधी थांबायचाच.

ताई, मी लिहिणार होतो की 'सोंगाड्या'तला नाम्या भाबडा होता आणि तुम्ही सांगताय ते नंतरच्या हिंदी चित्रपटांचं आहे. लिहून खोडलं. नाव 1986 चं असेल, पण सवय आधीच लागली होती, आणि ती लावणाऱ्यांत टाळ्या वाजवणारे आम्हीही होतो. तरी मी संध्याकाळ व्हावी म्हणतो. वाजवायला मोडनिंबचे, आणि गौळणीत मावशी हवीच.

एक सांगायचं राहिलं. लग्नानंतर एकदा व्हीसीआर भाड्यानं आणून दादांचा एक चित्रपट घरी लावला होता. मी आणि भाऊ हसून लोळत होतो आणि बायको मधेच उठून स्वयंपाकघरात गेली, ती संपेपर्यंत आलीच नाही. काल तुमचं वाचून तिला विचारलं, तेव्हा का उठलीस? म्हणाली, "दूध तापवायला." मग भांडं पुसता पुसता म्हणाली, "दूध नव्हतं त्या दिवशी घरात."